बिननावाचं रक्त घेऊन खानदेशातून

जळगाव

जळगावला लोक सोनं घ्यायला जातात, नाहीतर अजिंठ्याला जाताना वाटेत उतरतात. मी तिथे गुप्तरोगाचे दवाखाने बघायला जाते. हे चारचौघांत सांगता येत नाही. सोसायटीतल्या काकू विचारतात, "यंदा दौरा कुठे?" मी म्हणते, "खानदेश." "वा, भरीत खाऊन या!" असं म्हणून त्या विषय मिटवतात, आणि मलाही ते बरं वाटतं.

मी कोल्हापूरकडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या लोकांमध्ये एचआयव्ही किती आहे, याची अधूनमधून पाहणी होते. तिथे आलेल्या माणसाचं रक्त गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, तपासणीसाठी तसंही काढतात. त्यातलं उरलेलं थोडं दुसऱ्या नळीत ओततात. या नळीवर नाव नसतं, गाव नसतं. क्रमांक, वय, बाई की पुरुष, एवढंच. ती दूरच्या प्रयोगशाळेत जाते आणि शंभरात किती हा आकडा निघतो. नळी कोणाची होती हे कुणालाच कळत नाही. कळू नये अशीच ती व्यवस्था आहे. ज्याला स्वतःचं जाणून घ्यायचं असेल त्याच्यासाठी शेजारच्या खोलीत वेगळी तपासणी असते, समजावून सांगणारं माणूस असतं, औषधंही असतात. हे सगळं नियमाने चाललंय का, ते बघत मी गावोगाव फिरते. बरीच वर्षं फिरते आहे. पहिल्या दौऱ्यांत मी वही भरून टिपणं काढायची. आता गुडघ्याला पट्टा बांधते आणि खिडकीकडची जागा धरते.

स्टेशनवर अश्फाकभाई गाडी घेऊन आले होते. मूळचे भुसावळचे, वय माझ्याएवढंच, घरात गाद्या-रजया शिवायचा धंदा आणि यांना मात्र गाडीचा नाद. रमजान चालू होता, त्यांचा रोजा होता. मी गाडीत बसल्या बसल्या पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि मग ओशाळले. ते आरशात बघून म्हणाले, "प्या मॅडम, बिनधास्त प्या. रोजा माझा आहे, तुमचा नाही."

फाल्गुन नुकता लागला होता, पण जळगावचं ऊन पंचांग बघत नाही. सकाळी दहालाच डांबराचा वास यायला लागला. दवाखान्यात आमची खोली डोळ्यांच्या विभागाला लागून आहे, आणि ही कोणाची तरी फार मोठी कृपा आहे. कारण बाकावर बसलेला प्रत्येक जण कोणी ओळखीचं दिसलं की डोळे चोळतो. मी बाकाच्या टोकाला बसून रांग कशी सरकते ते बघत होते. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ, केळीचे व्यापारी असावेत, बराच वेळ माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुमचंपण डोळ्याचंच का, ताई?"

"हो," मी म्हटलं.

"आजकाल फार साथ आहे," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं समोर बघत राहिलो.

दुपारी तिथल्या लोकांनी डबे उघडले. आमच्याकडे भरीत म्हणजे दही घालून ताटाच्या डाव्या बाजूला वाढायची गोष्ट. इथे तेच जेवण. हिरवी लांब वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत मिरचीबरोबर ठेचायची आणि तेलाचा हात सैल सोडायचा. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. मोसम संपत आला होता, म्हणून "शेवटचं भरीत, मॅडम" असं म्हणत प्रत्येकाने मला वाढलं. जेवून मी खुर्चीतच डुलकी काढली. कोणी उठवलं नाही.

भडगाव

भडगावला गिरणेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसत होती. दवाखान्यात पेशंटपेक्षा खुर्च्या जास्त. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "लोक येतात हो, पण सगळीकडून थकून मग येतात. आधी गावातला बाबा, मग रस्त्यावरचा तंबू, मग मेडिकलवाला, आणि सगळ्यात शेवटी आम्ही." चिकाटीने जमवलेले नमुने त्याने निळ्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये रचून ठेवले होते. ते धुळ्याला पोचवणारा माणूस तापाने पडला होता, म्हणून डबा माझ्या गाडीत आला.

पारोळ्याच्या अलीकडे टायर बसला. उन्हात अश्फाकभाई रोज्याच्या कोरड्या तोंडाने जॅक फिरवत होते आणि मी डब्यावर माझी ओढणी धरून उभी होते. बर्फ किती टिकेल याची मला धास्ती. अश्फाकभाईंनी मान वर न करता रस्त्यापलीकडच्या रसवंतीकडे बोट दाखवलं. रसवंतीवाल्याने ठोकळा फोडून पोतडीभर बर्फ दिला आणि विचारलं, "आत काय आहे, मासे?"

"औषधं," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मग एक ग्लास रस तुम्हीपण घ्या, तुमचा चेहरा उतरलाय." मी टपरीच्या मागच्या बाजूला जाऊन प्यायले. अश्फाकभाईंना दिसेल असं पिणं मला जमलं नाही.

धुळे

धुळ्यात जुन्या शहरातल्या गल्ल्यांना नंबर आहेत, आणि माणसं पत्ता सांगताना "पाचव्या गल्लीत" असं सहज सांगतात. आमच्या नळ्यांसारखंच, म्हणून मला हे शहर नेहमी जवळचं वाटतं. डबा पोचता केला, सही दिली, लॉजवर आले. शेवभाजी मागवली ती आमच्या तांबड्या रश्श्याला लाजवेल अशी तिखट. रश्श्यात जाड शेव घालायची आणि ती मऊ पडायच्या आत संपवायची, हे मला दर वेळी उशिरा आठवतं. पलंगावर पडून वाटलं, हा दौरा शेवटचा असं सांगून टाकावं. असं मला दर दौऱ्यात धुळ्यातच वाटतं.

साक्रीच्या पुढे

साक्रीच्या पश्चिमेला डोंगर लागतात. माथ्यावर पवनचक्क्या, खाली कोरडी शेतं आणि मोहाची झाडं, फुलं गळायला लागलेली. तिथल्या एका आठवडी बाजाराच्या गावात आमचा शेवटचा दवाखाना. गावाचं नाव सांगत नाही. पुढे येणाऱ्या माणसांची नावंही बदलली आहेत.

त्या दिवशी बाजार होता आणि होळी तोंडावर आलेली. साखरेच्या हार-कंगणांच्या माळा, डाळ्या-फुटाण्यांचे ढीग, ढोल दुरुस्त करून घेणाऱ्यांची गर्दी. इथल्या पाड्यांवरची माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात. पण होळीला, कितीही लांब असली तरी, परत येतात. दिवाळी चुकली तर चालते, होळी चुकत नाही. आमच्याकडे होळी म्हणजे एका संध्याकाळची पोळी आणि बोंब. इथे तिच्यावर वर्षाचा हिशोब चालतो.

दवाखान्यात वैशाली नावाची समुपदेशक होती. तरुण, धुळ्याची, रोज एसटीने येणारी. तिच्यासमोर दोन बाया बसल्या होत्या. एक पंचविशीची, मान खाली घातलेली. दुसरी माझ्या वयाची असेल, पण उन्हाने माझ्यापेक्षा खूप आधी म्हातारी केलेली. सासू-सून. सुनेचं नाव मंगला, सासूचं बुधीबाई. मंगलाला दिवाळीपासून अंगावरून जात होतं, जखमा होत्या. गावठी औषधं करून झाली, गुण आला नाही. तिला तपासून औषध दिलं होतं आणि गरमीच्या तपासणीसाठी रक्तही काढलं होतं. उरलेलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं जात होतं आणि बुधीबाई टेबलाच्या कडेला हात टेकून ते बघत होती.

"हाई रगत कोठे लई जातस?" तिने मला विचारलं. मी कपड्यांवरून साहेब दिसले असणार.

मी सांगितलं, की लांब मोठ्या शहरात जातं. तिथे मोठ्या रोगाची तपासणी होते. मोठा रोग म्हणजे एड्स, तिकडे असंच म्हणतात.

"मंग आमले सांगतस का?"

"नाही. यावर नाव नसतं. कोणाचं रक्त ते तिथे कळत नाही."

बुधीबाईने नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मंग नाव लिखा ना वर. मंगला. लिखा."

या कामात मला बरेच प्रश्न विचारले गेले आहेत. बैठकांतून, मोठमोठ्या माणसांकडून. पण नाव लिहा, असं कधी कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला समजावू लागले, की नाव लिहिलं तर ते फुटू शकतं, गावात कळू शकतं, म्हणून लिहीत नाहीत. तुम्हाला जाणून घ्यायचं असेल तर इथेच वेगळी तपासणी आहे. वैशाली पडेल आवाजात म्हणाली, "मॅडम, त्याचं किट काल संपलं. उद्या येतंय."

"उद्या?" बुधीबाई म्हणाली. "उद्या जीप कोठे शे?"

बाजाराच्या दिवशीच त्यांच्या पाड्याकडे जीप चालते. बाकीचे दिवस पायी. घरी सांगितलं होतं की होळीचा बाजार करायला चाललो. पुढचा बाजार होळीनंतर. आणि होळीला तिचा धाकटा मुलगा, मंगलाचा नवरा दिलीप, बारडोलीकडून येणार होता.

"तो येनार शे. त्यानापहिले माले समजाले पाहिजे," बुधीबाई म्हणाली. मग तिने आवाज उतरवला. तिचा मोठा मुलगा असाच ऊसतोडीला जायचा. तो याच रोगाने गेला आणि त्याच्यामागे त्याची बायको गेली. आता धाकट्याचा एक सोबती तिकडे आजारी पडलाय. दोघं एकाच ठिकाणी जायचे, असं तिच्या कानावर आलं होतं. "मन्हा आंडोर माले माहीत शे," ती म्हणाली. माझा मुलगा मला माहीत आहे. हिला अजून लागलं नसेल तर तो यायच्या आत कळलं पाहिजे, म्हणजे हिला वाचवता येईल.

वैशालीने नियमाप्रमाणे तिला बाहेर बसायला सांगितलं आणि मंगलाला एकटीला विचारलं, "तुला करायची आहे का तपासणी?"

"नही," मंगला म्हणाली. "माले काहीच नही समजाले पाहिजे."

का ते विचारलं तर फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाहेर बुधीबाई दाराला पाठ लावून उभी होती, हललेली नव्हती.

मी बाहेर येऊन आमच्या कार्यालयात फोन केला. मी संध्याकाळी धुळ्याला परतणारच होते, गाडी रिकामी होती, धुळ्यातलं केंद्र उघडं असणार होतं. पलीकडचे साहेब चांगले आहेत. ते म्हणाले, "मॅडम, आपलं काम मोजायचं. एकेका पेशंटच्या मागे लागलो तर पाहणी कोण करणार?" त्यात खोटं काही नव्हतं. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि अश्फाकभाईंना विचारलं, "मागे दोघी बसतील ना?"

"चार बसतील," ते म्हणाले.

मंगलाला मी एवढंच सांगितलं, की तपासणीची सक्ती नाही. धुळ्याला चल, तिथे मोठ्या डॉक्टरबाई जखमाही बघतील, पुढचं तू ठरव. ती गाडीत बसली ते सासूच्या दटावण्याने की माझ्या बोलण्याने, मला माहीत नाही. साक्रीत तिची मावशी होती. परतताना मुक्काम तिथे करायचा असं ठरलं.

रस्त्याने

साक्री मागे पडली. बुधीबाई आयुष्यात पहिल्यांदा अशा गाडीत बसली होती आणि काच खाली करायची कळ सापडत नव्हती म्हणून घामाघूम झाली होती. शेवाळीच्या पुढे तिला उलटीसारखं झालं. आम्ही थांबलो. एका टपरीवर मी लिंबू-मीठ मागितलं. टपरीवाल्याने चौघांसाठी भजी काढली. अश्फाकभाई गाडीपाशीच थांबले.

मंगलाने भजं हातात धरलं, खाल्लं नाही. आणि एकदम मला म्हणाली, प्रमाण मराठीत, शाळेत शिकलेल्या: "मॅडम, मला नाही निघालं तरी सासूबाई नवऱ्यावर संशय घेतील. मला निघालं तर दोघांवर. मोठ्या भावजींना सासूबाईंनी गोठ्यात ठेवलं होतं. ताट वेगळं, पाणी वेगळं, कोणी जवळ जायचं नाही. शेवटी ते बोलावायचे आणि कोणी जायचं नाही. मी नवीन लग्न होऊन आलेली, मी बघितलंय."

बुधीबाई ऐकत होती. मला वाटलं ती आता भडकेल. ती म्हणाली, "गावना लोके म्हनेत, संगे जेवनं तं बठ्ठास्ले व्हई." गावातले लोक म्हणायचे, सोबत जेवलं तर सगळ्यांना होईल. "माले काय समजत व्हतं?"

मी तिला सांगितलं, की सोबत जेवल्याने होत नाही. एका ताटात जेवलं तरी नाही, शेजारी झोपलं, हात लावला, घाम पुसला तरी नाही. नवरा-बायकोच्या संबंधातून होतो, रक्तातून होतो, आईकडून बाळाला होऊ शकतो. आणि आता गोळ्या आहेत, रोज घेतल्या तर माणूस काम करतो, जगतो. हे मी वर्गात कितीदा सांगितलं आहे. मुलं लिहून घेतात. बुधीबाईने लिहून घेतलं नाही. तिने विचारलं, "घाम पुसा तरीबी नही?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

मग ती गाडीत जाऊन बसली. कुसुंबा येईपर्यंत तिचा चेहरा खिडकीकडे होता. मी तिच्याकडे बघितलं नाही. तेवढं मला या वर्षांत कळायला लागलं आहे.

पुन्हा धुळे

केंद्र बंद व्हायला आलं होतं. तिथल्या बाईंनी आमचे चेहरे बघून पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. मंगला आत गेली. तपासणी करायची की नाही, हे तिला पुन्हा विचारलं गेलं. दार बंद होतं, काय बोलणं झालं मला माहीत नाही. बराच वेळ गेला. बुधीबाई बाकावर न बसता जमिनीवर बसली होती. मी बाकावर बसले होते. मग माझंच मला कसंतरी वाटलं आणि गुडघ्याला न जुमानता मीही खाली बसले.

मंगला बाहेर आली. निकाल तिचा होता, कोणाला सांगायचा ते तिने ठरवायचं होतं. तिने सासूकडे बघितलं आणि म्हणाली, "नही शे."

बुधीबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग लगेच हात काढून म्हणाली, "आते त्याले जोडे येऊ देऊ नको." आता त्याला जवळ येऊ देऊ नकोस.

"हे तुम्ही सांगणार मला?" मंगलाचा आवाज चढला. केंद्राच्या शिपायाने मान वळवली. "तो माझा नवरा आहे. दिवाळीपासून मी त्याची वाट बघते. आणि त्याला काय सांगू, तुझी आई म्हणते तू नासलेला आहेस? त्याची तपासणी न करताच?"

"मंग तपासनी कर म्हना त्याले!"

"आणि निघालं तर? गोठा?"

आम्ही बाहेर गाडीपाशी आलो. सूर्य मावळत होता. अश्फाकभाईंनी बॉनेटवर वर्तमानपत्र पसरून खजूर, कलिंगडाच्या फोडी आणि पाणी मांडलं होतं. अजान झाली. त्यांनी आधी आम्हा तिघींच्या हातावर एकेक खजूर ठेवला, मग स्वतः तोंडात घातला. दिवसभर तहानलेल्या माणसाने पहिला घोट घेतला की त्याच्याकडे बघवत नाही इतकं ते सुख खाजगी असतं. आम्ही रस्त्याकडे बघत उभ्या राहिलो.

मंगलाने खजूर खाल्ला नाही. तो तळहातावर सासूसमोर धरून म्हणाली, "घरात ठेवाल त्याला? काही निघालं तरी? सगळ्यांत बसून जेवेल? तसं असेल तर मी त्याला आणेन तपासायला. नाहीतर नाही."

बुधीबाईने सुनेच्या हातातल्या खजुराकडे बघितलं. मग म्हणाली, "होळीमायनी आन. घरमाच ठेवसू."

होळीमाईची शपथ, घरातच ठेवीन. मंगलाने खजूर तोंडात टाकला. त्या पोरीने दिवसभरात खाल्लेलं ते पहिलंच असावं.

साक्रीच्या एसटीत बसवताना मी मंगलाला बाजूला घेऊन निरोधची पाकिटं दिली, दिलीपचा निकाल कळेपर्यंत यांच्याशिवाय नाही, असं सांगितलं. तिने ती साखरेच्या हार-कंगणांच्या पिशवीत खाली सरकवली. बस हलली तेव्हा बुधीबाईने खिडकीतून मला हात केला नाही, तिला पुन्हा उलटीसारखं होत असावं. मी लॉजवर जाऊन न जेवता झोपले.

परत आल्यावर

घरी येऊन गुडघा सुजला. अहवाल लिहिला. भडगावला पेशंट कमी का, रस्त्यात बर्फाची सोय हवी, किटचा साठा वेळेवर पोचावा. साक्रीहून धुळ्याला गाडीत कोण होतं हे लिहायला अहवालात जागा नसते.

होळीनंतर काही दिवस मी वैशालीला फोन करायचं टाळत होते. काही वेळा न कळलेलं बरं असतं. मंगलाला ते आधीच समजलं होतं. शेवटी वैशालीचाच आला.

दिलीप आला त्या दिवशी बुधीबाई साक्रीच्या थांब्यावर जाऊन बसली होती. तो उतरला, खांद्यावर गाठोडं, सोबत गावचे चार जण. तिने तिथेच त्याचा हात धरला आणि म्हणाली, आधी दवाखान्यात चल. सोबत्यांसमोर. तो चिडला, आईला नको ते बोलला, हात झटकून होळीला येणाऱ्यांसाठी लावलेल्या जीपमध्ये बसून निघून गेला. ती मागच्या जीपने घरी गेली. होळी पेटली, ढोल वाजले, तो नाचला. आईशी एक शब्द बोलला नाही. मंगलाने त्याला किती सांगितलं, कसं सांगितलं, कधी सांगितलं, हे तिने वैशालीला सांगितलं नाही. पण धुळवडीनंतरच्या बाजाराला दोघं नवरा-बायको दवाखान्यात आले. मंगला म्हणाली, "माझी झाली आहे. आता याची करा."

दिलीपला निघालं. आता गोळ्या चालू आहेत, त्या साक्रीहून वैशालीच्या दवाखान्यात येतात. त्याच्या जखमांवरही औषध चालू आहे. या हंगामात तो बारडोलीला परत गेला नाही. मंगला पुन्हा तपासून गेली, तिला अजून नाही. काही महिन्यांनी परत तपासायचं आहे.

पाहणीचा नमुने घेण्याचा काळ दिलीप येण्याआधीच संपला होता. यंदाचा आकडा लागेल तेव्हा त्यात मंगलाची नळी असेल, लागण न झालेल्यांमध्ये. दिलीप कुठेच नसेल. आकडा खोटा नसेल, नमुन्यांच्या कागदांवर मी सह्या केल्या आहेत. पण तो वाचताना मला आता दर वेळी थांबावं लागेल.

मागच्या आठवड्यात वैशालीने फोन लावला तेव्हा म्हणाली, "मॅडम, बुधीबाई आल्यात, मुलाच्या गोळ्या न्यायला. बोलता?" तिकडून आधी बाजाराचा गलका ऐकू आला, मग मोठ्याने, फोनमध्ये ओरडल्यासारखं, "आक्का?"

मी गुडघ्याचं सांगितलं नाही. तिने मोहाची फुलं बरी आल्याचं सांगितलं. मी विचारलं, दिलीप घरात जेवतो ना?

"जेवस. बठ्ठास्ना संगे जेवस. आन खाई शे ना मी."

"आणि तुमच्याशी बोलतो?"

"नही. मन्हासंगे अजून बोलस नही. ताट पुढे सरकाडं तं तोंड फिराई लेस."

समजूत घालणारी वाक्यं मला पाठ आहेत, त्यातलं एक मी शोधत होते. मग तिनेच, जणू माझीच समजूत घालत, सांगितलं:

"जित्ता शे आक्का, म्हनीसन रुसस. रुसू द्या."